प्रेसमधल्या गिऱ्हाइकांच्या फाइली: जॉब नंबर, फोल्डर आणि ‘छापली ती कुठली?’

आर्टपेपर१७०

तालुक्याच्या गावातली मध्यम प्रेस डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. काउंटरला एक संगणक, आत डीटीपीचे (टायपिंग आणि मांडणीचे) दोन, एक डिजिटल मशीन, ऑफसेटच्या प्लेट बाहेरून, फ्लेक्स कधी स्वतःकडे तर कधी बाहेर. कामं नेहमीचीच: लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, हँडबिलं, स्टिकर.

अशा ठिकाणी फाइल सहसा हरवत नाही. भलतीच सापडते आणि मशीनवर चढते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल ओके’, ‘फायनल ओके २’ अशा चार फाइली एका फोल्डरात असल्या की सहा महिन्यांनी रिपीट ऑर्डर आल्यावर त्यातली कोणती छापली होती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सगळी मांडणी एकाच प्रश्नाभोवती करावी: गिऱ्हाइकाच्या हातात गेलेला कागद कोणत्या फाइलीतून निघाला?

ॲडव्हान्सची पावती फाटते त्याच वेळी जॉब नंबर पडला पाहिजे. आर्थिक वर्ष आणि चार आकडी क्रम, म्हणजे २५२६-०४१७. १ एप्रिलला पुन्हा ०००१ पासून. पुढची शून्यं गाळू नका. विंडोजच्या खिडकीत आकडे नीट क्रमाने लागतात, पण कित्येक रिप (फाइल मशीनला छापता येईल अशी करून देणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या आणि मशीनच्या पॅनेलवरच्या यादीत १०२ हा ९९ च्या आधी येऊन बसतो.

फोल्डरचं नाव: नंबर_गिऱ्हाईक_काम. उदाहरणार्थ २५२६-०४१७_पाटीलट्रेडर्स_बिलबुक. आत चारच फोल्डर:

१_आलेलं: गिऱ्हाइकाने दिलेलं सगळं, जसंच्या तसं. लोगो, फोटो, हाताने लिहिलेल्या मजकुराचा फोटो. इथली फाइल उघडून तिच्यावरच काम करायचं नाही, प्रत काढून पुढे न्यायची.
२_काम: डीटीपी करणाऱ्याची जागा. आवृत्ती व०१, व०२, व०३. ‘फायनल’ हा शब्द फाइलीच्या नावात नको.
३_प्रूफ: छापण्याआधी तपासायला गिऱ्हाइकाला पाठवलेल्या जेपीजी, आणि त्याच्या होकाराचा स्क्रीनशॉट.
४_छापलं: मशीनवर किंवा प्लेटला गेलेली पीडीएफ आणि तिची कर्व्ह केलेली (अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेली, जिला फाँट लागत नाही) मूळ फाइल. आणखी काही नाही. काम उतरलं की हे फोल्डर ‘रीड ओन्ली’ करायचं.

प्रूफच्या जेपीजीवर कोपऱ्यात जॉब नंबर आणि आवृत्ती छापलेली असावी. ‘ओके आहे, छापा’ हा निरोप नेमक्या कोणत्या प्रूफला आला, हे त्याशिवाय ठरत नाही. व०२ आणि व०३ पाठोपाठ गेल्यावर गिऱ्हाईक वरच्या चित्राला उत्तर देतं आणि आपण खालचं धरतो.

इथे वाचायला सोपं म्हणून नावं देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत ठेवा.

काउंटर_खिडकी

मांडणी चांगली आहे, पण एक अडचण. गिऱ्हाईक काउंटरला येऊन जॉब नंबर सांगत नाही. ‘मागच्या वेळचंच लेटरहेड द्या’ एवढंच म्हणतं. मग गिऱ्हाइकाच्या नावाने फोल्डर आणि त्यात त्याची सगळी कामं, हे जास्त सोयीचं नाही का?

आर्टपेपर१७०

नावाने लावलं की पहिल्या दिवशी सोयीचं वाटतं. पुढे शिंदे आठ होतात, ‘साई’ने सुरू होणारी दुकानं पंधरा होतात. दुकानाचं नाव बदलतं, भाऊ वेगळे होतात आणि दोघं तोच लोगो वापरतात. आठवड्याचं चालू काम शोधायलाही शंभर फोल्डर उघडावी लागतात.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कामं जॉब नंबराने, आणि ‘कायमचं’ नावाच्या एका वेगळ्या फोल्डरात गिऱ्हाईकवार फक्त साहित्य: लोगोची व्हेक्टर फाइल, ठरलेल्या रंगांचे सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) आकडे, जीएसटी नंबर आणि पत्ता असलेली टेक्स्ट फाइल. गिऱ्हाइकाची ओळख म्हणजे नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे. शिंदे_४४०२ आणि शिंदे_७११८ यांची गल्लत होत नाही.

शोधायला एक्सेलचं रजिस्टर: जॉब नंबर, तारीख, गिऱ्हाईक, मोबाइल, काम, साइज, कागद आणि त्याचा जीएसएम (वजन), नग, ‘आधीचा जॉब नंबर’. शेवटचा रकाना सोडू नका. रिपीट कामात आधीचा नंबर लिहिला की साखळी तयार होते आणि तीन वर्षांपूर्वीचं पहिलं लेटरहेडही दोन मिनिटांत हाती लागतं. रजिस्टर एकाच संगणकावर ठेवा आणि काउंटरवरच भरा. आत डीटीपीवर भरायचं ठरवलं की गर्दीच्या दिवशी राहून जातं.

नुसत्या नावाने शोधायचं असेल तर ‘एव्हरीथिंग’ हे मोफत सॉफ्टवेअर टाका. एनटीएफएस डिस्कवर फाइलीचं नाव टाइप करता करता समोर येतं.

लग्नसराई_डीटीपी

लग्नपत्रिकेचं काम या चौकटीत बसतं, पण फोल्डरच्या नावात लग्नाची तारीख हवीच: २५२६-०९०३_जाधव_लग्न_२०२६-०२-१४. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, म्हणजे नावावरूनच मुहूर्त कळतो आणि कुठलं काम आधी उतरायला हवं ते दिसतं. तिरकी रेघ घालून तारीख लिहिता येत नाही. विंडोज फाइलीच्या नावात \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हं घेत नाही.

आडनाव ऑर्डर देणाऱ्याचं घ्या. मुलाकडचे आणि मुलीकडचे दोघं एकाच प्रेसमध्ये येतात. मुहूर्त एक, स्थळ एक, पण निमंत्रकांची नावं आणि ‘आमचे येथे’ खालचा मजकूर वेगळा. एकाची फाइल उघडून दुसऱ्याची बनवली तर जॉब नंबर दुसरा, फोल्डर दुसरं. त्याच फोल्डरात ‘मुलगी’ नावाची फाइल टाकू नका. आणि कॅटलॉगमधला कार्ड नंबर जॉब कार्डावर (कामासोबत फिरणाऱ्या कागदावर) लिहा. कोरं कार्ड संपल्यावर मागवताना फाइल उघडून काही कळत नाही.

टायपिंग_ताई

फाँटबद्दल सविस्तर लिहिते, कारण मराठी कामात फोल्डर कितीही नीट लावलं तरी माती इथे होते.

आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त जुन्या फाइली युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहेत: श्रीलिपीचे श्री-देव मालिकेतले, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी, कृतिदेव, आकृती. या फाइलींच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतातच, इंग्रजी कळांचे संकेत असतात. फाँट नसलेल्या संगणकावर उघडलं की इंग्रजी कचरा दिसतो. कोरल (डीटीपीचं सॉफ्टवेअर कोरलड्रॉ) अशा वेळी बदली फाँटची चौकट दाखवतं. तिथे घाईने ‘परमनंट’ निवडून फाइल सेव्ह केली की मूळ फाँटचं नावच फाइलीतून गेलं. चौकट आली की ‘टेम्पररी’ निवडा, फाँटचं नाव कागदावर उतरवून घ्या, सेव्ह न करता बाहेर पडा.

म्हणून प्रत्येक कामाच्या दोन फाइली हव्यात. एक ‘_मजकूर’, ज्यात अक्षरं टाइप केलेली आणि बदलता येण्यासारखी आहेत. ती २_काम मध्ये. दुसरी ‘_कर्व्ह’, ती ४_छापलं मध्ये. फक्त कर्व्ह ठेवली तर पुढच्या वर्षी फोन नंबर बदलायला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. फक्त मजकूर ठेवली तर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं बदलतात. फाँटचं नाव तेच पण आवृत्ती वेगळी असेल तर चौकटही येत नाही, एखादं ‘द्ध’ किंवा ‘ज्ञ’ गुपचूप वेगळं होतं. प्रूफ वाचून झालेलं असतं, त्यामुळे परत कोणी पाहत नाही.

कर्व्ह करताना सगळं निवडून कंट्रोल-क्यू दाबलं म्हणजे झालं असं धरू नका. पॉवरक्लिपच्या (एका आकाराच्या पोटात दुसरं बसवण्याच्या सोयीच्या) आतला मजकूर, लॉक केलेल्या वस्तू आणि लपवलेले लेअर सुटतात. खात्रीसाठी कोरलमध्ये डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा. तिथे फाँटची यादी रिकामी हवी. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅटमध्ये प्रॉपर्टीजमधलं ‘फाँट्स’ पान बघा. कर्व्हच्या पीडीएफमध्ये ते कोरं दिसतं, मजकूर जिवंत ठेवून केलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ लिहिलेलं हवं.

आणखी एक फाइल ठेवा, नोटपॅडची, युनिकोडमध्ये: मजकूर.टेक्स्ट. त्यात पत्रिकेचा किंवा हँडबिलाचा पूर्ण मजकूर, आणि खाली वापरलेल्या फाँटची नावं. श्री-देवमध्ये टाइप केलेलं ‘अनिकेत’ संगणकाला शोधता येत नाही, नोटपॅडमधलं येतं. गिऱ्हाइकाला वाचायला पाठवायलाही हीच फाइल बरी.

युनिकोड देवनागरीच्या फाइली जुन्या कोरलमध्ये, म्हणजे एक्स-३ ते एक्स-५ मध्ये, उघडू नका. रफार आणि वेलांट्या सरकतात. त्याच संगणकावर छापायचं असेल तर नव्या आवृत्तीतून कर्व्ह करून मगच जुन्या आवृत्तीत सेव्ह करा. एक्स-३ साठी सेव्ह करताना आवृत्ती १३ निवडायची.

मास्टरप्लेट

ताईंनी लिहिलेल्यात दोन भर. ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून टाइप-१ पोस्टस्क्रिप्ट फाँट घेणं बंद केलं. तसे फाँट लावलेली इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइनची जुनी कामं नव्या आवृत्तीत उघडल्यावर फाँट गायब दिसतो, जरी तो संगणकावर असला तरी. आणि पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली इनडिझाइन सीएस-६ पर्यंतच उघडतात, पुढच्या सीसी आवृत्त्यांत नाहीत. एखाद्या संस्थेची स्मरणिका, शाळेचा वार्षिक अंक असं काही पेजमेकरमध्ये पडून असेल तर जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याची पीडीएफ काढून ठेवा.

प्लेटला पाठवलेली पीडीएफ आणि ४_छापलं मधली पीडीएफ एकच असली पाहिजे. सीटीपीवाल्याने (संगणकावरून थेट प्लेट काढून देणाऱ्याने) फोन करून ‘ब्लीड नाही’, म्हणजे कापणीसाठी कडेबाहेर जादा छपाई नाही, असं सांगितलं, आपण काउंटरवरच्या संगणकावर ३ मिमी वाढवून मेल केली, आणि फोल्डरात मात्र जुनीच राहिली, असं सर्रास होतं. सवय अशी लावा की आधी फोल्डरात सेव्ह, मग तिथूनच जोडून मेल. डेस्कटॉपवरून मेल कधीच नाही.

कोरल सेव्ह करताना शेजारीच ‘बॅकअप ऑफ’ नावाने आधीची प्रत टाकतं. ती ४_छापलं मध्ये राहू देऊ नका. घाईत तीच उघडली जाते आणि ती एक दुरुस्ती मागे असते.

काउंटर_खिडकी

व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलींचं काय करता? रोज पन्नास-साठ येतात.

लग्नसराई_डीटीपी

प्रेसचा नंबर एकच ठेवा आणि तो काउंटरच्या संगणकावर जोडा. फाइल उतरवली की लगेच जॉबच्या १_आलेलं मध्ये. डाउनलोड फोल्डर रात्री रिकामं झालं पाहिजे. आलेल्या फाइलीचं नाव ‘व्हॉट्सॲप इमेज’ आणि पुढे तारीख-वेळ एवढंच असतं. दुसऱ्या दिवशी त्यावरून कोणाचा फोटो ते कळत नाही. आधी न उतरवलेली फाइल काही आठवड्यांनी उतरतही नाही, तेव्हा ‘चॅटमध्ये आहे की’ या भरवशावर राहू नका.

फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून येतं, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते सव्वापाच इंच होतं. पत्रिकेतल्या छोट्या फोटोला चालेल, ए-४ हँडबिलाच्या पूर्ण पार्श्वभूमीला चालणार नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं वाक्य ठरवून भिंतीवर लावा: ‘फोटो गॅलरीतून पाठवू नका, पिनच्या खुणेतून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ नंतर चांगली प्रत आली तर दाबलेली फाइल १_आलेलं मधून काढा. दोन्ही राहिल्या तर दाबलेलीच लागते.

नंबरिंग_मशीन

बिलबुकासाठी वेगळं लिहायला हवं. फाइल बरोबर आणि नंबर चूक, अशी वीस पुस्तकं गेली की सगळा कागद वाया.

जॉब कार्डावर ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही लिहा. २० पुस्तकं, प्रत्येकी ५० सेट, ३००१ पासून, म्हणजे ४००० पर्यंत. हेच फोल्डरात: बिलबुक_३००१-४०००. रिपीट ऑर्डरला नावावरूनच कळतं की ४००१ पासून सुरू करायचं. तरीही गिऱ्हाइकाकडून त्यांच्या शेवटच्या पुस्तकाचा नंबर मागवा, कारण मधे दुसरीकडून छापून घेतलेलं असू शकतं.

नंबरच्या आधीचा भाग, जसं २५-२६/, फाइलीत असतो आणि नंबर मशीन मारते. एप्रिलमध्ये जुनी फाइल तशीच प्लेटला गेली की वर्ष मागचं. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा नंबर १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच येणारा असावा लागतो. त्या १६ मध्ये पुढचं २५-२६/ सुद्धा मोजायचं. मालाच्या बिलाला तीन प्रती आणि प्रत्येकीवर वेगळा शिक्का: खरेदीदाराची, वाहतूकदाराची, विक्रेत्याची. सेवेच्या बिलाला दोनच. एका फाइलीत तीन पानं ठेवा. तीन फाइली केल्या की पत्ता दोनमध्ये बदलतो आणि तिसरीत राहतो.

फ्लेक्स_आणि_व्हिनाइल

फ्लेक्सच्या फाइलीने डिस्क भरते, तेवढ्यासाठी थोडं. १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होतो. सीएमवायकेमध्ये न दाबलेली फाइल २३० एमबीच्या आसपास. तोच ३०० डीपीआयला करायला गेलात तर एक बाजू ३६,००० पिक्सेल. पीएसडीची (फोटोशॉपच्या फाइलीची) मर्यादा ३०,००० पिक्सेल आणि २ जीबी, म्हणजे सेव्हच होणार नाही. रस्त्यावरून बघायच्या फ्लेक्सला ७२ पुरतं.

नावात साइज रुंदी आधी, उंची नंतर, फुटांत: १०बाय८. हा क्रम सगळ्यांनी एकच पाळा. नाहीतर उभा फ्लेक्स आडवा छापला जातो. एक दशांश मापाने काम केलं असेल तर नावात ‘१-१०’ टाका, रिपवाल्याला कळतं की १०००% करायचं आहे. छापून झाल्यावर मोठी टिफ ठेवायची गरज नाही. थरांसहित पीएसडी आणि एक जेपीजी पुरे.

निवडणुकीची कामं असतील तर त्या जॉबच्या फोल्डरात कागदपत्रं हवीतच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे पत्रक-पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते छापावे लागतात. छापून घेणाऱ्याने सही केलेलं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यावं लागतं, आणि छपाईनंतर त्याची एक प्रत छापलेल्या नमुन्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवावी लागते. राज्याच्या राजधानीत छापलं असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोषणापत्राचा स्कॅन १_आलेलं मध्ये असल्याशिवाय फाइल मशीनकडे सरकू नये.

आर्टपेपर१७०

फाइलींची नावं रोमनमध्ये का, ते राहिलं होतं. जुनी रिप सॉफ्टवेअरं देवनागरी नाव वाचत नाहीत, प्रश्नचिन्हं दाखवतात किंवा फाइल उघडतच नाही. शिवाय देवनागरीत एकच अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. ‘ॲडव्हान्स’मधला ॲ स्वतंत्र अक्षर म्हणूनही येतो आणि अ, अदृश्य जोडखूण, वर चंद्र असाही येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, म्हणून शोध रिकामा येतो. मोबाइलवरून आलेल्या नावात एक आणि आपल्या कीबोर्डात दुसरा, हे नेहमी घडतं.

नावं आखूडही ठेवा. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलीच्या शेवटापर्यंतचा पूर्ण रस्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. फोल्डरात फोल्डर करत गेलं की बॅकअप घेताना नेमक्या त्याच फाइली सुटतात.

केबल_आणि_डिस्क

बॅकअपचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. रेडवर (तीच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीवर) चालणाऱ्या नासला (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीला) बॅकअप समजू नका. एक डिस्क मेली तर रेड वाचवतं; कोणी फाइल पुसली किंवा व्हायरसने सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या तर त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून गेल्या.

‘मिरर’ प्रकारच्या कॉपीतही हाच धोका आहे. मूळ ठिकाणी पुसलं की पुढच्या वेळी प्रतीतूनही पुसलं जातं. फ्रीफाइलसिंकमध्ये ‘व्हर्जनिंग’ चालू करा, म्हणजे पुसलेल्या आणि बदललेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात साठतात. दोन बाहेरच्या डिस्क घ्या, आठवडा अदलाबदल करा, एक कायम घरी आणि वायर काढलेली. महिन्यातून एकदा रजिस्टरमधले कोणतेही पाच जॉब नंबर निवडून त्यांच्या पीडीएफ बॅकअपच्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

टायपिंग_ताई

सगळंच साठवायचं नाही, हेही लिहायला हवं. शाळेच्या ओळखपत्रांच्या कामात मुलांचे फोटो, पत्ते, पालकांचे मोबाइल, रक्तगट असं सगळं एक्सेलमध्ये येतं. कार्डं पोहोचली, दुरुस्तीचा महिना गेला की १_आलेलं मधला तो भाग पुसा आणि बॅकअपमधूनही काढा. रिकामा साचा तेवढा ठेवा. झेरॉक्ससाठी आलेल्या आधार कार्डांच्या फाइली तर रोज संध्याकाळी गेल्या पाहिजेत. त्या जॉबच्या फोल्डरात कधीच येऊ देऊ नका. शाळेला लेखी कळवा की माहिती पुसली, म्हणजे पुढच्या वर्षी ‘तुमच्याकडे असेलच’ म्हणून कोणी येत नाही.

काउंटर_खिडकी

शेवटचा प्रश्न. नवीन कामांना हे लावता येईल. आधीच्या दहा वर्षांच्या फाइलींचं काय? तीन संगणक आणि पेन ड्राइव्ह भरून पडल्या आहेत.

मास्टरप्लेट

त्या लावत बसू नका, कधी संपणार नाही. ‘जुनं’ नावाचं एक फोल्डर करा, आत प्रत्येक संगणकाच्या नावाने एक, आणि सगळं जसंच्या तसं त्यात कॉपी करा. नावं बदलू नका. इनडिझाइन आणि कोरलमध्ये बाहेरून जोडलेली चित्रं जुन्या रस्त्याने शोधली जातात, नाव बदललं की तुटतात. ते फोल्डर रीड ओन्ली करा आणि एव्हरीथिंगमध्ये घ्या.

मग ज्याची ऑर्डर येईल त्याचीच फाइल बाहेर काढायची. नवा जॉब नंबर, जुनी फाइल १_आलेलं मध्ये, कागदाचा जुना नमुना गिऱ्हाइकाकडून मागून तिच्याशी ओळ न् ओळ ताडून बघायचं, आणि तिथून पुढे नव्या पद्धतीने. रजिस्टरच्या ‘आधीचा जॉब नंबर’ रकान्यात ‘जुनं’ लिहा. नेहमीची लेटरहेडवाली आणि बिलबुकवाली गिऱ्हाइकं वर्षभरात एकदा तरी येतातच, त्यामुळे चालू असलेलं बहुतेक काम तेवढ्यात नव्या फोल्डरांत येऊन बसतं.